चार नंबरच्या टेकडीचे पितळी बिल्ले

सायमा हर्वेलानं गळ्यातला बिल्ला काढून काउंटरवर ठेवला आणि स्वतःच्याच खिडकीतून स्वतःला पास विकला, ही बातमी टेकडीवरचा बर्फ वितळायच्या आत पेंगेली गावात घरोघर झाली. कुणी म्हणालं, बाईचं डोकं फिरलं. कुणी म्हणालं, फिरलेलं होतंच, आता दिसलं. तिचा आतेभाऊ आर्वो लाक्सो त्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगत होता की त्यानं ते डोळ्यांनी पाहिलं. रोख तीनशे दहा डॉलर मोजले आणि स्वतःलाच "थँक यू" म्हणाली.

"थँक यू" काही ती म्हणाली नव्हती. बाकी खरं होतं.

सायमा हिवाळाभर चार नंबरच्या टेकडीच्या पायथ्याशी, बर्फावर घसरायला येणाऱ्यांना पास विकत खिडकीत बसायची आणि हिवाळा सोडून शाळेची बस चालवायची. साठी ओलांडली होती. नवरा कधीकाळी कामासाठी विस्कॉन्सिनला गेला आणि तिकडचाच झाला. त्याची आठवण निघाली की ती म्हणायची, बरं झालं, त्याला घसरता कुठं येत होतं. उंचीनं ठेंगणी, आवाजानं भरदार. एखादी गोष्ट मनात आली की ती पुरी झाल्याशिवाय तिला भूक लागायची नाही, असं तिची आई सांगायची, आणि ते कौतुकानं सांगायची नाही.

टेकडीला चार नंबर हे नाव पडलं ते खाणीमुळं. माथ्यावर तांब्याच्या खाणीची चौथी विहीर, म्हणजे जमिनीत उतरायची सरळ वाट होती. सायमा तिसरीत असताना खाण बंद पडली. खाली उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला कंपनीनं एक अष्टकोनी पितळी बिल्ला दिलेला असे. त्यावर नुसता नंबर ठोकलेला, नाव नाही. कामावर आलं की तो दारातल्या लाकडी फळीवर आपल्या खिळ्याला टांगायचा, वर आलं की काढून खिशात घालायचा. कंपनी गेली, पगार गेले, आणि बिल्ल्यांची पेटी तेवढी शेवटचा राखणदार विल्फ ट्रेवार्थन याच्या पलंगाखाली राहिली.

रिकाम्या हातांच्या माणसांनी मग टेकडीवरची झाडं तोडून उतार मोकळे केले, जुन्या ट्रकच्या इंजिनाला दोर बांधला आणि पोराबाळांना वर ओढायला सुरुवात केली. मोठ्या तळ्यावरून येणारा बर्फ इथं असा पडतो की घराच्या दारापेक्षा खिडकीतून बाहेर पडणं सोपं. अशा ठिकाणी हिवाळ्यात घरात बसून राहिलं तर माणसं एकमेकांचे गळे धरतील. इंजिन काही वर्षांनी मेलं. कमरेमागे दांडी घेऊन वर नेणारी खरी लिफ्ट घ्यायची तर पैसा हवा होता. तेव्हा विल्फनं पेटी बाहेर काढली. शंभर डॉलर द्या, खाणीतला तुमचा नंबर घेऊन जा, आणि कायमचं फुकट घसरा.

कायमचं म्हणजे किती, हे कुणी विचारलं नाही. खाणीतल्या माणसाला कायमचं म्हणजे फार लांबचं वाटत नसे.

पण बिल्ल्यावर नाव नव्हतं. माणूस गेला तरी बिल्ला मागं राहायचा. तो मुलाकडे जायचा, मुलाकडून सुनेकडे, सुनेकडून नातवाकडे. एकाच्या लग्नात अहेर म्हणून आला होता. एका घटस्फोटात घर बायकोला गेलं त्याचं कुणाला काही वाटलं नाही, पण बिल्ला जावयाबरोबर डेट्रॉईटला गेला म्हणून दोघं मेहुणे रात्रंदिवस गाडी हाणत जाऊन तो परत घेऊन आले. सायमाच्या गळ्यातला दोनशे सतरा नंबर तिच्या बापाचा, उर्हो हर्वेलाचा. तो वाफेच्या खोलीत, सॉनात जातानासुद्धा ती काढत नसे, आणि मग तापलं पितळ छातीला चटका द्यायचं.

असे दीडशेच्या आसपास बिल्ले गावात फुकट फिरत होते. लिफ्टचं तेल, विजेचं बिल, विम्याचा हप्ता मात्र कुणाच्या बापाचा नंबर ओळखत नव्हता. तो सगळा भार ज्यांच्या घरात बिल्ला नाही त्यांच्यावर पडायचा: शाळेतले मास्तर, दवाखान्यातल्या बायका, नंतर येऊन राहिलेली माणसं. दरवर्षी पास थोडा महाग व्हायचा, दरवर्षी त्यांच्यातली चार घरं कमी व्हायची, आणि उरलेल्यांसाठी पास आणखी महाग व्हायचा. हे सायमाला खिडकीतून रोज दिसत होतं. दिसत असूनही ती गप्प होती, कारण तिच्याही गळ्यात पितळ होतं.

गप्प बसणं संपलं ते मार्चमधल्या एका दुपारी. डेनेल व्हिटकॉम्ब खिडकीशी आली. ती दोन जिल्हे पलीकडच्या, लोखंडाच्या खाणींच्या मुलखातली. तीन वर्षांपूर्वी इथल्या वृद्धाश्रमात नोकरीला आली होती. तीन मुलं, नवरा नाही. तिनं विचारलं, पुढच्या वर्षी पास कितीला? सायमानं खरं तेच सांगितलं, की टेकडीच्या कमिटीत चारशे पंचवीसचं बोलणं चाललंय.

डेनेलनं हातमोजा काढला, परत घातला. मग ती अगदी सावकाश म्हणाली, "तीन वर्षं मी पैसे भरतेय, सायमा. आणि रांगेत माझ्या पुढे कायम तेच असतात, ज्यांनी एक डॉलर भरलेला नाही. मला त्यांचा राग नाही. माझे आजोबा चुकीच्या खाणीत मेले, एवढंच."

  डेनेल निघून गेली आणि सायमाला त्या दिवशी घरी जाऊन जेवण गेलं नाही. तिची आई असती तर तिनं ओळखलं असतं.

एप्रिलच्या सभेत ती उभी राहिली. खिडकीला लागून असलेल्या, घसरणारे ऊब घ्यायला येतात त्या शेगडीघरात, ओल्या बुटांच्या वासात, तिनं सांगितलं की बिल्लेवाल्यांनीही पैसे भरायला पाहिजेत. सगळ्यांनी भरले तर पास एकशे नव्वदला बसतो, नाही भरले तर दोन हिवाळ्यांत लिफ्टला कुलूप. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आधी गलका झाला. आर्वो कमिटीचा मुख्य. गावातलं खिळे-अवजारांचं दुकान त्याचं, आणि दुकानात जसं बोलायचं तसंच तो सभेत बोलायचा, जणू समोरचा माणूस उधारी मागायला आलाय.

"लोकाच्या गळ्याकडं बगण्याआधी," तो म्हणाला, "सवताच्या बग की बाई."

तेव्हा तिनं बिल्ला काढला. मानेत अडकलेली साखळी सोडवायला जरा वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळी सभा बघत होती. मग ती खिडकीच्या आत गेली आणि गेल्या वर्षीच्या भावानं पैसे मोजून स्वतःच्या नावानं पास फाडला.  शेवटी ठरलं की भाव ऑक्टोबरपर्यंत ठरवायचा नाही. पानगळीनंतरच्या शनिवारी सगळे जमून उतारावरची झुडपं तोडतात, त्या दिवसापर्यंत सायमानं गावाला राजी करावं. नाही झालं तर चारशे पंचवीस.

"घरोघर फिर," आर्वो म्हणाला. "पाय दुखले की दुकानात ये, मलम देतो. सवलतीत."

ती फिरली. शाळेला सुट्टी लागल्यापासून ती रोज एका घराची पायरी चढायची. ह्या गावात दारात आलेल्याला कॉफी दिल्याशिवाय नाही म्हणता येत नाही, आणि कॉफी पुढ्यात आल्यावर पाहुण्याला उठता येत नाही. तेव्हा लोक तिला आधी वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवून खायला घालायचे आणि मग नाही म्हणायचे. बर्तिनेल्लीच्या म्हाताऱ्या विधवेनं फडताळातून बिल्ला काढला, पदराला पुसावा तसा ॲप्रनला पुसला, सायमाला दाखवला आणि परत आत ठेवला.  एकानं विचारलं, बिल्ला परत दिला तर शंभर डॉलर परत देशील का, आणि पन्नास वर्षांचं व्याज? एकानं ती फाटकाशी उभी असताना भुंकणाऱ्या कुत्र्याला आत घेतलंच नाही. एका घरात नवऱ्यानं हो म्हटलं, बायकोनं नाही, आणि ती त्यांना भांडत सोडून बाहेर पडली. उन्हाळा सरेपर्यंत तिचं वजन वाढलं आणि झोप गेली. बिल्ला मात्र एकही परत आला नाही.

घोडं कुठं पेंड खातंय हे तिला कळलं ते विल्फकाकांमुळं. नव्वदीला टेकलेले विल्फकाका वृद्धाश्रमात होते. ती भेटायला गेली तेव्हा डेनेल त्यांची दाढी करत होती. गालाला साबण तसाच ठेवून त्यांनी सायमाची सगळी कहाणी ऐकली. ऐकताना मधूनमधून हसत होते, म्हणून डेनेलला वस्तरा उचलून धरावा लागत होता.

"तू मागतीयास काय लोकांकडं?" त्यांनी विचारलं.

"बिल्ला. परत द्या म्हणती. पेटीत टाका आन् सगळ्यांसारखा पास घ्या."

"पोरी," विल्फकाका म्हणाले, "तू त्यांचा बाप मागतीयास. बाप कोण दील?"

 साठीच्या बाईला पोरी म्हणणारं गावात आता हे एकच तोंड उरलं होतं.

"फुकट घसरायचं ते नंतरचं. इंजिनापायी मी काढल्याली टूम हुती ती," ते पुढं म्हणाले. "पर खाणीत बिल्ला फुकटाचा नव्हता गं. फळीवर टांगला म्हंजे माणूस कामावर आलाय. सांजच्याला एक जरी फळीवर ऱ्हायला, तरी कुणी घरला जेवत नव्हतं. त्यो खाली हाय, एवढंच बिल्ला सांगायचा. दुसरं काय न्हाई."

सायमाला आठवलं. संध्याकाळी आई जेवण वाढून ताटाशी उभी राहायची. बाप घरी येऊन हात धुऊन बसलेला असला तरी वाढलेलं तसंच असायचं, शेजारच्या घरातला माणूस वर आला का ते कळेपर्यंत. घास घ्यायला कुणी मना केलेलं नसायचं. पण कुणी घ्यायचं नाही.

ती उठली. विल्फकाकांच्या कपाळाला हात लावला आणि दारातून म्हणाली, "फळी कुठं असंल ओ, काका?"

"फळी? तुझ्या भावाच्या दुकानात बग की. करवतीच्या साखळ्या टांगल्यात तिच्यावर. बापजाद्याच्या खिळ्यास्नी."

दुसऱ्या दिवशी ती आर्वोच्या दुकानात गेली. इतकी वर्षं ती त्या भिंतीसमोर उभी राहून खिळेमोळे, बल्ब घेत आली होती, पण ती फळी कसली ते तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. काळपट ओकची लांबरुंद फळी, प्रत्येक खिळ्याखाली आकडा कोरलेला.

"मलम पायजे का?" आर्वोनं विचारलं.

"फळी पायजे."

"विकायची न्हाई."

"विकत कोण मागतंय? शनिवारच्याला दे. रविवारी परत घिऊन जा."

मग तिनं त्याला नवा बेत सांगितला. बिल्ले कुणी परत द्यायचे नाहीत. ज्याचा त्याच्या घरात राहू दे, नातवाच्या नातवापर्यंत. फक्त झुडपं तोडायच्या शनिवारी तो आणून फळीवर टांगायचा आणि उतारावर काम करायचं. काम करील त्याला पास एकशे नव्वदला, मग बिल्ला असो नसो. येणार नाही त्याला तीनशे दहा, मग बिल्ला असो नसो. फुकट कुणालाच नाही.

 आर्वो काही वाईट माणूस नव्हता. त्याचा अठ्ठ्याऐंशी नंबर त्याच्या आजोबाचा, आणि आजोबा त्या खाणीतून एका संध्याकाळी वर आले नव्हते. त्यानं साखळ्या एकेक करून काढल्या, टेबलावर ढीग केला. फळी भिंतीपासून सुटायला तयार नव्हती, तेव्हा पहारही त्यानंच आणली.

"कोण यील असं वाटतंय तुला?" तो म्हणाला. "चार मास्तर आन् त्या दवाखान्यातल्या बायका. दुसरं काळं कुत्रं यायचं न्हाई."

"मग चार मास्तरांबरोबर झुडपं तोडीन," सायमा म्हणाली. "फळीचं ते टोक धर."

शनिवारी सकाळी दंव पडलं होतं. तिनं फळी लिफ्टच्या दाराशी दोन खांबांना बांधली आणि खिशातून दोनशे सतरा काढून त्याच्या खिळ्याला टांगला. एवढ्या मोठ्या फळीवर एकटं पितळ फार बारीक दिसत होतं. तिनं कोयता उचलला आणि कुणाची वाट न बघता खालच्या उतारावरचं पहिलं झुडूप तोडलं.

आधी मास्तर आले, आर्वो म्हणाला होता तसे. मग दवाखान्यातल्या आणि वृद्धाश्रमात काम करणाऱ्या बायका आल्या. डेनेलच्या हातात विल्फकाकांनी दिलेली पेटी होती. ज्यांचं पुढं कुणी उरलं नाही अशांचे न विकलेले बिल्ले तीत होते, आणि बिनबिल्ल्याच्या माणसांनी आजच्यापुरता त्यातला एक टांगावा असा निरोप होता. मास्तरांनी घेतले. डेनेलनं पेटी पुढं केली, पण स्वतः त्यात हात घातला नाही. तिनं खिशातून रुमालात गुंडाळलेलं काही तरी काढलं. गोल बिल्ला, लोखंडाच्या मुलखातल्या खाणीचा, कडेला ठेचलेला.

"हा चालेल का?" तिनं विचारलं. "आईकडून मागून आणला."

सायमानं तो हातात घेतला, वळवून बघितला. नंबर आणि काही नाही. नाव त्यांनीही घातलेलं नव्हतं.

"खिळ्याला काय," ती म्हणाली. "भोक हाय ना?"

अष्टकोनांच्या रांगेत तो गोल बिल्ला टांगला गेला.

बिल्लेवाले कामाला म्हणून आले नाहीत, बघायला म्हणून आले. रस्त्यावर गाड्या थांबल्या, काचा खाली झाल्या. फळी पुन्हा बाहेर आलीय हे आर्वोच्या दुकानात साखळ्यांचा ढीग बघून गावाला कळलंच होतं. आधी बर्तिनेल्लीची विधवा गाडीतून उतरली, मुलाच्या दंडाला धरून. फळीसमोर येऊन तिनं आपला आकडा शोधला. त्या फळीवर तो तिनं कधी वाचला नसेल, पण हात बरोबर गेला. तिनं ॲप्रनच्या खिशातून बिल्ला काढून त्या खिळ्याला टांगला आणि मुलाकडे बघितलं. मुलगा सभेत सगळ्यांत मोठ्यानं ओरडलेला. त्यानं सायमाच्या पायाशी पडलेला दुसरा कोयता उचलला. म्हातारी शेगडीघरातल्या चुलीजवळ जाऊन बटाटे सोलायला बसली.

मग येत राहिले. कुणी तोंड वाकडं करून, कुणी दुसऱ्याला टोमणा मारून. ज्यानं व्याज मागितलं होतं तो म्हणाला, व्याजात आज दोन झाडं सोड. सायमा म्हणाली, मुद्दल तोड आधी. दुपारपर्यंत फळी जवळजवळ अर्धी भरली. अर्ध्या खिळ्यांवर काहीच नव्हतं, आणि काहींवर बिल्ला कधीच येणार नाही हेही तिला दिसत होतं.

आर्वो आला तो उन्हं कलल्यावर. बिल्ला मुठीत होता.

"काम आटपलं असंल," तो म्हणाला, "तर नुसता टांगतो. फळीला बरं दिसंल."

"वरच्या उतारावर काटेरी झुडपं तशीच हायेत," सायमा म्हणाली. "मास्तरांचे हात सोलवटले म्हणून सोडलीत. अजून उजेड हाय."

आजूबाजूचे हसले नाहीत, पण हसू आवरलेलं दिसत होतं. आर्वोनं अठ्ठ्याऐंशी टांगला, कोयता घेतला आणि एकटा वर चढून गेला.

दिवस मावळायला आला तशी माणसं उतरू लागली. जो तो फळीसमोर यायचा, आपला बिल्ला काढायचा, हात धुवायचा. शेगडीघरात लांब टेबलावर मांस, बटाटा, सलगम भरलेल्या पास्ट्या आणि सूप मांडलं होतं. दिवसभर राबलेल्या माणसांच्या नाकात वास भरत होता. फळी रिकामी होत गेली, आणि मग एकच बिल्ला राहिला.

कुणी कुणाला काही सांगितलं नाही. पण बर्तिनेल्लीच्या मुलानं उचललेली पास्टी परत ताटात ठेवली. मास्तर चमचा हातात घेऊन बसले होते, त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि चमचा खाली ठेवला. डेनेलनं मुलांना थांबवलं. सूप निवत होतं. सायमा दारात उभी राहिली. वरून कोयत्याचा आवाज येत होता, थांबत होता, परत येत होता.

बऱ्याच वेळानं आर्वो खाली आला. तोंडावर ओरखडे, बाही फाटलेली. दारातून सगळं टेबल आपल्याकडे बघतंय आणि कुणाच्या ताटातलं हललेलं नाही, हे त्याला दिसलं. तो फळीकडे वळला. बिल्ला काढायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

"बगताय काय?" तो पाठमोराच म्हणाला. "मेलो न्हाई. जेवा की."

जेवणं झाल्यावर सायमा खिडकीत जाऊन बसली. रांग लागली. आर्वो रांगेत मधेच कुठं तरी होता, डेनेलच्या मागे. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं पाकीट काढलं आणि नोटा काउंटरवर ठेवल्या.

"आज्जाचा बिल्ला असून पैसे भरतोय," तो म्हणाला. "म्हातारा वर काय म्हणत असंल?"

"वर आला असंल तर जेवत असंल," सायमा म्हणाली आणि त्याला पास दिला.

आर्वोनं पास खिशात घातला. जाताना फळीपाशी थांबला, तिची गाठ ओढून बघितली, एक दोर सैल होता तो आवळला. रविवारी ती न्यायला तो आला नाही.

रविवारी सायमा झोपली. सोमवारी सकाळी शाळेची बस लावून आली, शनिवारी फळीवरचे कोणते खिळे रिकामे राहिले होते ते डावीकडून आठवत गेली, आणि त्यातल्या पहिल्या नंबराच्या घरी कॉफीला गेली.